घरी शिकणाऱ्या मुलांच्या शंकांना जागा हवी

महोदय,

माझी मुलगी घरीच शिकते आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची तयारी करते. या पद्धतीत विद्यार्थ्याने लिहून पाठवायच्या स्वाध्यायांचे गुण निकालात धरले जातात, त्यामुळे एखादे गणित अडले की मुले इंटरनेटवर तयार उत्तरे शोधून ती उतरवून काढतात आणि मूळ अडचण तशीच राहते. चित्रफीत कितीही वेळा पाहता येते. परंतु बाजू बदलताना वजाचे चिन्ह आपण नेमक्या कोणत्या पायरीवर विसरलो, हे ती सांगत नाही. अशा वेळी पालकांनी उत्तर सांगण्याऐवजी मुलाला प्रत्येक पायरी वहीत लिहून मोठ्याने समजावून सांगायला लावावे. पुष्कळदा चूक त्याची त्यालाच सापडते, असा माझा अनुभव आहे. मात्र विज्ञान आणि इंग्रजीत बहुतेक पालकांचे ज्ञान अपुरे पडते.

1850 साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयांनी निवृत्त शिक्षकांच्या मदतीने आठवड्यातून एक संध्याकाळ अशा मुलांच्या शंकांसाठी राखून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर