नाताळ बाजारात करणाऱ्या हातांना जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की ठाण्यात ठिकठिकाणी ‘ख्रिसमस फेअर’चे फलक दिसू लागतात. रोषणाई वर्षागणिक वाढते आहे, फोटो काढायला गर्दीही होते, पण परतताना लोकांचे हात रिकामे असतात. ‘सगळीकडे तेच ते’ हे वाक्य मी हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांतून ऐकते. मी याच धंद्यातली. सासऱ्यांच्या काळापासून आमच्याकडे आकाशकंदील होतात आणि तुळशीचे लग्न आटोपले की त्याच बांबूचे नाताळचे तारे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तारा दिसतो सोपा. पाच कामट्यांची एक चांदणी, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळायची आणि आत, कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे, पाच आखूड काड्या उभ्या अडकवायच्या. त्या काड्यांमुळे ताऱ्याला पोट येते. काडी दोन सूत लांब झाली तर कामटी मोडते, आखूड राहिली तर तारा चपटा होतो. मग खळ लावून पतंगी कागद चिकटवायचा आणि बल्ब सोडायला मागे फट ठेवायची. सासरे गिऱ्हाइकाला आधी विचारत, ‘गॅलरीत लावणार की दारात?’ दारातल्या ताऱ्याला ते खालून झिरमिळ्या लावत नसत, कारण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्याला लागतात. वस्तू करणारा समोर बसलेला असला, तरच असा प्रश्न विचारला जातो.

आम्ही चरईत राहतो. तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आम्हाला चालत जाण्यासारखे. शेजारच्या आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच ख्रिस्ती समाजातल्या. हे नाव समाजाने १८८७च्या सुमारास घेतले, पण माणसे साष्टी-वसईकडची, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी. डिसेंबरच्या मधल्या आठवड्यात त्यांच्या ओटीवर आम्ही बायका कुलकुल, म्हणजे नाताळचा गोड फराळ, वळायला बसत असू. नारळाच्या दुधात मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी कोऱ्या कंगव्यावर दाबायची आणि अलगद गुंडाळून घ्यायची, म्हणजे शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. त्यांच्या न्यूऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. आमचा करंजीचा साचा दिवाळीनंतर तिकडे जाई आणि जानेवारीत परत येई. आमच्या मुलांनी दिवाळीत किल्ल्यावर हळीव पेरायचे आणि उरलेली माती आंटींच्या घरी येशूच्या गोठ्याला द्यायची, तिथे पुन्हा नाचणी पेरली जायची. नाताळच्या बाजारात आम्ही जायचो ते या घरातल्या कामाला लागणारे काहीतरी आणायला. आता काम घरातून गेले आणि बाजारातूनही.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या नाताळ जत्रेत मी गाळा घेतला. भाडे भरल्यावर हिशेब केला, तर सगळे तारे विकले गेले तरी ते जेमतेम निघणार होते. शेजारच्या चार गाळ्यांत एकाच खोक्यातून काढल्यासारखा माल. चमकणारी शिंगे, प्लास्टिकची झाडे, डब्यातून फवारायचा बर्फ. त्या विक्रेत्यांना मी दोष देणार नाही. त्यांनाही तेच भाडे होते, आणि तेवढे भाडे घाऊक मालावरच सुटते. ध्वनिक्षेपकावर एकच गाणे सकाळपासून रात्रीपर्यंत. एका आजोबांनी मला ताऱ्याची किंमत तीनदा विचारली, तिन्ही वेळा ऐकू गेली नाही आणि ते हात हलवून निघून गेले. ते अजून मनाला लागून आहे. आंटींच्या सुनेला तिथे कुलकुल ठेवायचे होते, पण खाद्यपदार्थांच्या गाळ्याचे भाडे दुप्पट.

हे दुखणे फक्त आपले नाही. गेल्या डिसेंबरात मी जर्मनीत न्यूरेंबर्गला लेकीकडे होते. तिथेही भाव चढल्याची आणि गर्दीची कुरकुर ऐकली. २०१६मध्ये बर्लिनच्या आणि २०२४मध्ये माग्डेबुर्गच्या नाताळ बाजारात वाहन घुसवून माणसे मारली गेली, त्यामुळे आता वाटेवर अडथळे आणि पोलीस. इतके असून न्यूरेंबर्गच्या बाजाराने आपला चेहरा राखला आहे, आणि तो नियमांनी राखला आहे. दुकाने लाकडाची, त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड. प्लास्टिकच्या माळांना मनाई, दिवसभर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रित गाण्यांनाही मनाई. सुके आलुबुखारे तारेत ओवून केलेल्या बाहुल्या ही तिथली खासियत, आणि सर्वांत देखण्या दुकानांना मिळणारे बक्षीसही त्याच बाहुलीच्या नावाचे. गरम पेय मातीच्या मगात मिळते. मगासाठी अनामत ठेवायची, तो परत केला की पैसे मिळतात. दुसऱ्या महायुद्धात हे शहर बेचिराख झाले होते, तरी १९४८मध्ये बाजार पुन्हा भरला. ड्रेस्डेनचा बाजार १४३४पासूनचा, आणि त्याला नाव मिळाले ते तिथल्या नाताळच्या गोड पावावरून. आपण कुलकुलला साधा गाळा देत नाही.

आयोजकांनी लिंकनची गोष्टही ऐकावी. इंग्लंडमधल्या या गावात १९८२मध्ये ११ दुकानांनिशी नाताळ बाजार सुरू झाला. २०२२मध्ये तिथे ३ लाखांहून अधिक माणसे आली. जुन्या गावाच्या अरुंद रस्त्यांत एवढी गर्दी सुरक्षित नाही म्हणून २०२३मध्ये नगर परिषदेने तो बाजारच बंद केला. नुसती डोकी मोजून जत्रा यशस्वी ठरवायची सवय आपल्याकडेही वाढते आहे, आणि तलावपाळीचा रस्ता काही फार रुंद नाही.

ठाणे महापालिकेने गावदेवी मैदानात वीस-पंचवीस छोटे गाळे द्यावेत, एवढे पुरे आहे. तीन दिवसांची धावपळ नको. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपैकी, पहिल्या रविवारपासून २४ डिसेंबरपर्यंत दर शनिवार-रविवार बाजार भरावा. तारा सणाच्या आधी दारावर चढतो, तेवीस तारखेला तो कोण घेणार? स्वतः केलेली वस्तू घेऊन जो स्वतः बसेल त्याच्याकडून नाममात्र भाडे घ्यावे, घाऊक मालाला पूर्ण भाडे लावावे. माझा सगळा भर या एका नियमावर आहे. तो पाळला तर बाकीचे बरेचसे आपोआप सुधारेल. जव्हार-मोखाड्याकडचे बांबूकाम करणारे येतील, मेणबत्त्या ओतणाऱ्या बायका येतील, ईस्ट इंडियन पद्धतीचा बाटली मसाला करणारी घरे पुढे येतील. घरचे पदार्थ विकायला अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते, पण सत्तरीच्या आंटींना ते जमत नाही. पालिकेने एक माणूस दोन दिवस मदतीला बसवावा. घरच्या द्राक्षवाइनला वेगळा परवाना लागतो, ती तूर्त बाजूला राहू द्या. गवती चहा घातलेला चहा स्टीलच्या पेल्यात द्यावा, पेल्याला पन्नास रुपये अनामत. ध्वनिक्षेपक नकोच. संध्याकाळी तासभर मुलांनी मराठी नाताळगीते म्हणावीत, एखाद दिवशी बँडवाल्यांना बोलवावे, आणि मग शांतता असावी, म्हणजे भाव विचारता येईल.

आंटी आता वळायला बसत नाहीत, हात थरथरतात. पण पिठात दूध किती घालायचे ते अजून तोंडपाठ सांगतात. मी चाळीस ताऱ्यांच्या कामट्या तासून ठेवल्या आहेत. ठाण्यातल्या कोणत्याही शाळेने पाचवी-सहावीची मुले पाठवली तर मी रोज दुपारी दोन तास बसायला तयार आहे. सुरी मी धरीन, दोरा मुलांनी बांधायचा. बांबू आणि कागद माझा.

आपली विश्वासू,
एक कंदील कारागीर,
चरई, ठाणे (प.)