बिऱ्हाड हलवणाऱ्या सभासदांसाठी सूचना

सभासदहो,
महिनाअखेरीस दांडिया बाजारातल्या आपल्या इमारतीतून तीन बिऱ्हाडे हलणार आहेत. टेम्पो सकाळी 7 ते 10 मध्येच आणावा. नंतर गल्लीत वळायला जागा उरत नाही. कपाट, फ्रिज जिन्यानेच उतरवावे.

• फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळू द्या आणि उभाच न्या. आडवा झाला तर कॉम्प्रेसरचे तेल नळ्यांत उतरते. मग काही तास उभा ठेवूनच सुरू करावा.
• फ्रंट लोड वॉशिंग मशीनला ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत ड्रम घट्ट धरून ठेवणारे बोल्ट) लावा, नाहीतर ड्रम हिंदकळून सस्पेन्शन बिघडते.
• पुस्तके लहान खोक्यांतच. मोठ्याचा तळ फाटतो, शिवाय हमाल कुरकुरतात ते वेगळेच.

खोलीचे नाव खोक्याच्या बाजूला लिहा. थर्मोकोल, रद्दी जिन्यात टाकू नये.

– सचिव