शाळेला छोटा कॉम्प्युटर घेताय, तर मॉनिटरचं आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी राजारामपुरीत कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, त्यामुळं शाळांच्या लॅबमध्ये सारखं जाणंयेणं असतं. माझ्या माहितीतल्या काही शाळांनी आता मोठे सीपीयू सोडून रास्पबेरी पायसारखे तळहातावर मावणारे बोर्ड घेतलेत, त्या एका बोर्डावरच सगळा कॉम्प्युटर असतो. कुठं माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, कुठं तालीम मंडळानं मदत केली, आणि हे चांगलंच आहे, वीज कमी लागते, जागा कमी लागते, पोरं कोडिंग शिकतात. पण खरेदी करताना रॅम किती, किंमत किती, वॉरंटी किती एवढंच विचारलं जातं आणि हा बोर्ड कुठल्या मॉनिटरवर किती रेझोल्यूशनला (म्हणजे स्क्रीनवर आडवे किती आणि उभे किती ठिपके) चालणार हे कोणीच विचारत नाही, आणि नेमका तिथंच पैसा वाया जातोय म्हणून हे पत्र.

करवीर तालुक्यातल्या एका शाळेचं सांगतो. जुन्या लॅबमधले साडेअठरा इंची मॉनिटर चांगले होते, म्हणून तेच ठेवायचे आणि फक्त बोर्ड नवे घ्यायचे असं ठरलं, रास्पबेरी पाय 4 आले. जोडले तर चित्र आलं, पण अक्षरं फिसकटलेली. इंग्रजी कसंबसं वाचता यायचं, मराठीचे मात्र हाल. ‘कर्तृत्व’ लिहिलं की वरचा रफार आणि खालचा ऋकार दोन्ही धुरकट, अनुस्वार आहे का नाही ते डोळे बारीक करून बघायला लागायचं. चौथीची पोरं त्यावर टायपिंग शिकणार! सरांना वाटलं फॉन्ट खराब आहे, दुकानदारानं केबल बदलून दिली, मग कोणीतरी म्हणालं मॉनिटरच गेलेत, आणि सगळे मॉनिटर नवीन घ्यायचं कोटेशनसुद्धा मागवून झालं.

खरं तर मॉनिटरला काही झालेलं नव्हतं, बोर्डही बरोबर होता. मॉनिटर होते 1366 बाय 768 चे, आणि पाय 4 हे रेझोल्यूशन 60 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं या वेगानं, देऊच शकत नाही. म्हणजे लोकांचा विश्वास बसत नाही की 4के (3840 बाय 2160) दाखवणारा बोर्ड एवढं साधं रेझोल्यूशन कसं देत नाही, पण कारण अगदी सरळ आहे. पाय 4 ची एचडीएमआय, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवणारी जोडणी, दर ठोक्याला दोन पिक्सेल (ठिपके) बाहेर टाकते, त्यामुळं आडव्या ओळीचं प्रत्येक माप दोननं भाग जाणारं पाहिजे. नुसती दिसणारी रुंदी नव्हे, ओळीच्या कडेला जी न दिसणारी मोकळी जागा असते तीसुद्धा. 1366 च्या स्टँडर्ड टायमिंगमध्ये या मोकळ्या जागेतल्या सिंक नावाच्या भागाचा आकडा 143 आहे आणि त्याच्या पुढच्या बॅक पोर्च नावाच्या भागाचा 213, दोन्ही विषम. झालं, बोर्ड तो मोड (रेझोल्यूशन आणि हर्ट्झची ती जोडी) सोडून देतो आणि मॉनिटर जो पुढचा मोड सांगतो तो धरतो, बहुतेक वेळा 1280 बाय 720. मग मॉनिटर तेच चित्र ओढून 1366 वर पसरवतो, एक पिक्सेल सव्वा ना दीड, एक पूर्णांक काहीतरी होतो, आणि आपल्या मात्रा-वेलांट्या पिसाटतात. इंग्रजीला हे एवढं जाणवत नाही, आपल्या लिपीत वरखाली बारीक काम जास्त, म्हणून पहिला फटका आपल्यालाच.

तिथं मी 1360 बाय 768 चा मोड लावून दिला. त्याची सगळी मापं सम आहेत, कडेचे फक्त सहा पिक्सेल कमी होतात, अक्षर एकदम स्वच्छ आलं. सगळेच मॉनिटर हा मोड घेतात असं नाही पण बरेच घेतात, नवीन मॉनिटरचं कोटेशन काढायच्या आधी एकदा करून बघायला काय हरकत आहे.

आता मूळ मर्यादा कुठनं येते ते थोडं सांगतो, कारण शाळा समितीतल्या लोकांना हे कोणी समजावून सांगतच नाही. बोर्डातली चिप सेकंदाला किती पिक्सेल बाहेर काढू शकते त्याला एक कमाल असते. गुऱ्हाळावर चरकातनं एका दमात ठरावीकच ऊस जातो, कढई केवढीही मोठी आणा, तसंच हे. 1920 बाय 1080 ला, म्हणजे फुल एचडीला, 60 हर्ट्झवर सेकंदाला 14.85 कोटी पिक्सेलचा वेग लागतो (न दिसणारी जागा धरून). पहिला रास्पबेरी पाय 2012 ला आला तिथपासून पाय 3 पर्यंत ही कमाल 16.2 कोटी, म्हणजे फुल एचडी आरामात, 1920 बाय 1200 पण बसतं, त्याच्या वर नाही. 4के ला 60 हर्ट्झवर लागतात 59.4 कोटी. जुन्या बोर्डावर सेटिंगमध्ये खटपट करून 4के आणणारे लोक आहेत, पण ते सेकंदाला 15 वगैरे चित्रांवर येतं, माउस हलवला की बाण मागनं येतो, वर्गात शिकवायला त्याचा काय उपयोग.

2019 ला पाय 4 आला आणि जाहिरातीत 4के आलं. ते खोटं नाही, पण अर्धं वाक्य आहे. 4के 60 हर्ट्झ पाहिजे असेल तर ते एकाच पोर्टवर मिळतं, पॉवरच्या यूएसबी-सी शेजारचा जो एचडीएमआय आहे त्यावरच, आणि त्यासाठी बोर्डाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये (कॉन्फिग डॉट टीएक्सटी) एक ओळ मुद्दाम घालायला लागते. ती ओळ नसेल तर 30 हर्ट्झ. दोन्ही पोर्टला दोन 4के स्क्रीन लावले तरी 30 च. केबलपण एचडीएमआय 2.0 चा वेग झेपणारी पाहिजे. 2023 च्या पाय 5 मध्ये दोन्ही पोर्टवर 4के 60 मिळतं, ही अडचण गेली. पण दुकानात जाऊन नुसतं ‘पाय द्या’ म्हटलं तर यातला कुठला हातात पडेल आणि तो तुमच्या स्क्रीनला चालेल का, हे समोरचा सांगतोच असं नाही.

इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टला बीगलबोन ब्लॅक नावाचा असाच दुसरा छोटा बोर्ड घेतात, त्यांच्यासाठी पण सांगायला पाहिजे. त्याच्या माहितीत 1920 बाय 1080 लिहिलेलं असतं ते बघून पोरं फुल एचडी मॉनिटर घेतात, पण ते आहे 24 हर्ट्झला, 60 ला लागणारा वेग त्या चिपला झेपतच नाही. टीव्हीला 24 हर्ट्झ चालतं कारण सिनेमा तसाच असतो, कॉम्प्युटरच्या बऱ्याच मॉनिटरना चालत नाही, स्क्रीन काळा राहतो आणि पोरगं बिचारं सबमिशनच्या आदल्या रात्री बोर्ड जळला समजून फोन करतं. त्यावर 60 हर्ट्झला 1280 बाय 1024 पर्यंत जायचं, ते व्यवस्थित चालतं.

शाळेला कोणी मोठा 4के टीव्ही दिला तर देणाऱ्याचं मन मोठं आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की वर्गासाठी 1080 च ठेवा. 4के मध्ये फुल एचडीच्या बरोबर चौपट पिक्सेल असतात, डेस्कटॉपवरची अक्षरं मुंगीएवढी होतात, मग ती दुप्पट मोठी करायची, म्हणजे बोर्डानं चौपट राबायचं आणि शेवटच्या बाकावरच्या पोराला दिसणार तेवढंच. व्हिडिओचं तर अजून वेगळं आहे. व्हिडिओ दाबून लहान करायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, त्यातल्या एच.265 चा 4के व्हिडिओ पाय 4 स्वतःच्या हार्डवेअरवर उलगडतो, पण यूट्यूब 4के ला व्हीपी9 किंवा एव्ही1 या दुसऱ्या पद्धतींत पाठवतं, त्याला या बोर्डात हार्डवेअर नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि व्हिडिओ अडकत अडकत चालतो. मग सर म्हणतात नेट स्लो आहे. यूट्यूबवर क्वालिटी 720 ला आणा, एच.264 ही बोर्डाला झेपणारी पद्धत लावणारं ब्राउझरचं एक्स्टेंशन मिळतं ते टाका, त्याच नेटवर बराच फरक दिसेल.

अजून एक, इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ बघून सेटिंग बदलणाऱ्यांसाठी. कॉन्फिग डॉट टीएक्सटी मध्ये एचडीएमआय ग्रुप आणि एचडीएमआय मोडचे आकडे टाका असं सगळे सांगतात, ते पूर्वी बरोबर होतं. आताच्या सिस्टिममध्ये डिस्प्ले सांभाळायचं काम लिनक्सकडे, म्हणजे बोर्डावरच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे, गेलंय, त्यामुळं त्या ओळी कोणी वाचतच नाही. रेझोल्यूशन आता सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी या दुसऱ्या फाइलमध्ये द्यायचं, आणि ती फाइल सगळी एकाच ओळीत पाहिजे, मध्ये एंटर मारला की गडबड.

जुने व्हीजीए मॉनिटर (एचडीएमआयचं तोंड नसलेले) वापरणाऱ्या शाळा तर खूप आहेत. त्यांनी एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घेताना सगळ्यात स्वस्त उचलू नये. काही कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती बोर्डापर्यंत पोचवतच नाहीत, मग बोर्डाला समोर काय आहे कळत नाही आणि तो अंदाजानं कमी रेझोल्यूशन देतो.

माझी शाळा समित्यांना, मुख्याध्यापकांना, आणि देणगी देणाऱ्या मंडळांना कळकळीची विनंती आहे. कोटेशन मागवताना त्यात बोर्डाचं पूर्ण मॉडेल, मॉनिटरचं मूळ रेझोल्यूशन, आणि त्या जोडीवर किती हर्ट्झ मिळणार हे दुकानदाराकडनं लिहून घ्या. एक बोर्ड एका मॉनिटरला जोडून, त्यावर मराठीचा एक परिच्छेद उघडून, वर्गातल्या पोरांनाच वाचायला लावा आणि मगच बाकीची ऑर्डर द्या. जिल्ह्यात शाळांची खरेदी ज्यांच्या सहीनं होते त्यांनीही खरेदीच्या नमुन्यात रेझोल्यूशनचा रकाना घालावा, छापायला एक ओळ जास्त लागेल. आणि ज्या शाळांत पाय 4 आणि 1366 चे मॉनिटर आत्ता जोडलेले आहेत त्यांनी ते भंगारात काढायची घाई करू नये, आधी 1360 चा मोड लावून बघावा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर