नोकरीबाहेरच्या प्रकल्पांची अपेक्षा कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअर क्षेत्रातील नोकरीच्या जाहिरातींत 'गिटहब प्रोफाइल असल्यास प्राधान्य' अशी ओळ आता सर्रास दिसते. गिटहब म्हणजे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात आणि इतरांना दाखवतात ते संकेतस्थळ. हिंजवडीतील एका कंपनीत मी मुलाखती घेतो आणि 'नोकरीव्यतिरिक्त स्वतःचे असे काय केले आहे?' हा प्रश्न मीही अनेक वर्षे उमेदवारांना विचारत आलो आहे.

नुकतीच पदवी घेतलेल्या मुलाला हा प्रश्न विचारणे रास्त आहे, कारण त्याच्याजवळ दाखवण्याजोगे दुसरे फारसे काही नसते. सात-आठ वर्षे नोकरी केलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी लिहिलेला कोड कंपनीच्या मालकीचा असतो आणि तो बाहेर दाखवणे हा करारभंग ठरतो. त्यामुळे रोज दहा तास राबणाऱ्या अभियंत्याचाही गिटहबवरील, तेथे रोज नोंदवलेले काम दाखवणारा हिरव्या चौकोनांचा तक्ता कोरा दिसू शकतो, आणि त्यावरून त्याला कामाची आवडच नाही असा निष्कर्ष काढून आम्ही मोकळे होतो. गेल्या वर्षी नऊ वर्षांचा अनुभव असलेल्या एका बाईंनी, वाहतूककोंडीतून घरी पोहोचून स्वयंपाक आणि मुलाचा अभ्यास उरकल्यावर पुन्हा लॅपटॉप उघडवत नाही, असे सरळ सांगितले. आम्ही त्यांना घेतले नाही. तो निर्णय चुकीचा होता, असे मला आज वाटते.

याहून विचित्र बाब म्हणजे, मुलाखतीत ज्याचे कौतुक होते त्यालाच नेमणूकपत्रात अटकाव असतो. पूर्वपरवानगीशिवाय अन्य काम करणार नाही आणि नोकरीच्या काळात जे निर्माण होईल त्यावर कंपनीचा हक्क राहील, अशी कलमे त्यात बहुधा असतातच. विप्रोने २०२२ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून ३०० कर्मचाऱ्यांना काढले, तो प्रकार निराळा होता. परंतु त्यानंतर हौसेने केलेले कामही उघड करायला लोक कचरतात, हे मी जवळून पाहिले आहे.

उमेदवाराची पारख करायचीच असेल, तर मुलाखतीतच तासभर द्यावा, त्याच्यासमोर एक बिघडलेला प्रोग्राम ठेवावा आणि तो दोष कसा शोधतो ते पाहावे. घरी करण्यासाठी मोठे काम दिल्यास त्याचा मोबदला द्यावा. आणि ज्या कंपन्यांना स्वतंत्र प्रकल्प हवेतच, त्यांनी ते कर्मचाऱ्याच्याच मालकीचे राहतील असे नेमणूकपत्रात स्पष्टपणे लिहून द्यावे.

आपला,
एक संगणक अभियंता, चिंचवड