फुकट कादंबरी आणि संशयी वाचक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या अंकात एका कादंबरीकारांचं पत्र आलंय. त्यांनी स्वतःच्या खर्चाने कादंबरी काढली, ई-बुक पाच दिवस फ्री ठेवलं, छापील कॉप्याही ओळखीपाळखीत वाटल्या, आणि तरी लोक नाक मुरडतात, "फुकट का देताय, काहीतरी गडबड असणार" म्हणतात, याचा त्यांना राग आलाय. शेवटी त्यांनी समस्त वाचकांना अरसिक ठरवून टाकलंय. आता मी काही लेखिका नाही, समीक्षक तर नाहीच नाही, निव्वळ वाचणारी बाई आहे, पण वाचकाच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला पाहिजे म्हणून हे लिहितेय. जरा लांबलंय, कात्री लावलीत तरी चालेल.

मुळात हा संशय वाचकाच्या डोक्यात आपोआप उगवलेला नाही, तो त्याला हळूहळू शिकवला गेलाय. "पाच दिवस फ्री" ऐकून नवीन माणसाला वाटतं लेखकाने मोठ्या मनाने पुस्तक वाटलं. तसं नसतं हो. ती ॲमेझॉनच्या किंडलची स्कीम आहे, २०११ च्या डिसेंबरात सुरू झालेली. लेखकाने ई-बुक ९० दिवस फक्त त्यांच्याकडेच ठेवायचं, दुसरीकडे कुठे विकायचं नाही, आणि त्या बदल्यात त्या ९० दिवसांतले ५ दिवस ते फुकट देता येतं. यात वाईट काहीच नाही, नव्या माणसाने चार लोकांपर्यंत पोचायचं तरी कसं. पण पुढे काय होतं बघा, तिथे फुकटच्या पुस्तकांची टॉप हंड्रेड यादी वेगळी आणि विकल्या जाणाऱ्यांची वेगळी, त्यात पुन्हा इतक्या बारीक बारीक कॅटेगऱ्या की एखाद्या कोपऱ्यातल्या कॅटेगरीत एकाच दिवशी थोड्या लोकांनी डाउनलोड केलं की पुस्तक तिथे एक नंबरवर जाऊन बसू शकतं. मग त्याचा स्क्रीनशॉट काढायचा, "नंबर वन बेस्टसेलर" असं वर मोठ्या अक्षरात टाकायचं आणि सगळ्या ग्रुपवर पाठवायचं. कदाचित एकही कॉपी विकलेली नसते. वाचक एकदा फसतो, दोनदा फसतो, तिसऱ्यांदा तो स्क्रीनशॉट न उघडताच पुढे जातो, त्यात त्याचं काय चुकलं?

डाउनलोडच्या आकड्यावरही लेखकमंडळी उगाच भाळतात. फुकट या गोष्टीचं माणसाच्या डोक्यावर काय होतं याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, २००७ साली छापून आलेला, माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणाऱ्या डॅन एरिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. एक भारीतलं चॉकलेट १५ सेंटला आणि एक साधं १ सेंटला ठेवलं तर बहुतेक लोकांनी भारीतलं घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली, म्हणजे भारी १४ ला आणि साधं फुकट. दोघांतला फरक होता तेवढाच राहिला, पण आता बहुतेक लोक साध्याकडे वळले. म्हणजे शून्य दिसलं की हात पुढे जातो, आवड वगैरे नंतर. चॉकलेट निदान तोंडात टाकून संपतं, कादंबरी घेतली म्हणजे पुढचे आठ-दहा तास द्यायचे असतात, आणि ते काही फुकट नसतात. माझ्या किंडलवर अशी कितीतरी फुकटची पुस्तकं पडलीयत जी मी उघडलेलीही नाहीत, आणि त्या प्रत्येकाच्या लेखकाने मला आपला वाचक म्हणून मोजलं असणार.

पण खरा मुद्दा हा नाहीच. व्हायरस असेल, ईमेल आयडी घेऊन रोज मेल पाठवतील, फुकट आहे म्हणजे टाकाऊच असणार, असे जे संशय लोक बोलून दाखवतात ते वरवरचे आहेत. न बोललेला संशय वेगळा असतो, तो असा की हे पुस्तक घेतलं तर आपण कशाला तरी बांधले जाणार. आणि तो संशय दहातल्या नऊ वेळा खरा निघतो. पुस्तक येतं, पहिल्या पानावर आपलं नाव, सप्रेम भेट, सही, तारीख. आठवड्याने मेसेज, "सुरुवात केली का?" पुढे हात जोडलेली इमोजी. पंधरा दिवसांनी, "आपल्या अमूल्य अभिप्रायाच्या प्रतीक्षेत." मग रिव्ह्यू टाकायची लिंक, मग ती लिंक कुठे दाबायची याचा व्हिडिओ, आणि सगळ्यात शेवटी तो मेसेज, जो वाचून मी एका ओळखीच्या लेखकाला उत्तर देणंच बंद केलं, "वेळ नसेल तर वाचू नका, नुसते पाच स्टार दिले तरी चालतील."

म्हणजे बघा, वाचलं नाही तरी चालेल! हे वाक्य लेखकाच्या तोंडून आल्यावर वाचकाने काय समजायचं? कादंबरी वाचली जावी म्हणून दिलीच नव्हती, स्टार मिळावेत म्हणून दिली होती. एकदा हे कळलं की पुढचा एखादा प्रामाणिक लेखक अगदी निरपेक्षपणे पुस्तक हातात ठेवतो तेव्हाही आपण आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, याला आता काय हवंय म्हणून. हा त्या प्रामाणिक माणसावर अन्याय आहे हे मला कबूल आहे, पण तो अन्याय त्याच्या आधी येऊन गेलेल्यांनी केलाय, वाचकाने नाही. ओळखीत तर आणखी पंचाईत, कारण खरं लिहिलं तर संबंध बिघडतात आणि खोटं लिहिलं तर तिसराच कुणीतरी आपल्या भरवशावर ते पुस्तक विकत घेतो. मग सोपा मार्ग म्हणजे गप्प बसणं. पत्रलेखकांना जो अरसिकपणा वाटला त्यातला बराचसा माझ्या मते हा भिडस्तपणा असणार.

त्या स्टारांचं पुढे काय होतं तेही आता सगळ्यांना पाठ झालंय. पुस्तक काल आलं आणि आज वीस रिव्ह्यू, सगळे पाच स्टार, सगळ्यांची भाषा ओघवती, सगळ्यांचं कथानक खिळवून ठेवणारं, आणि चारशे पानं प्रत्येकाने एका बैठकीत वाचून काढलेली. रिव्ह्यू देणाऱ्याच्या नावावर क्लिक केलं तर त्या माणसाने आख्ख्या आयुष्यात एकच पुस्तक वाचलेलं दिसतं, हेच. मी तर हल्ली थेट तीन स्टारवाले रिव्ह्यू उघडते, तिथे निदान कुणीतरी पुस्तक वाचून काहीतरी म्हटलेलं असतं, शेवट गुंडाळलाय, मधली शंभर पानं कापायला हवी होती, नायिका अर्ध्यातून गायब होते वगैरे. मला पुस्तक घ्यावंसं वाटलं तर ते अशा रिव्ह्यूमुळेच वाटतं.

हे सगळं माझ्या मनाचे खेळ नाहीत. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने एका रिव्ह्यू विकणाऱ्या धंद्याची मोठी बातमी केली होती, एक रिव्ह्यू ९९ डॉलर, वीस घेतले तर ४९९, पन्नास घेतले तर ९९९, असा रीतसर रेट होता आणि गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक. त्यातल्या एका गाजलेल्या ई-बुक लेखकाने तर शेकड्यांनी रिव्ह्यू विकत घेतल्याचं स्वतः सांगितलं. पुढे २०१५ मध्ये ॲमेझॉनने खोटे रिव्ह्यू विकणाऱ्यांवर केसेस केल्या, २०१६ च्या ऑक्टोबरात फुकट माल घेऊन त्या बदल्यात रिव्ह्यू लिहायला बंदी घातली. पण त्या बंदीतून पुस्तकं वगळली! कारण दिलं की रिव्ह्यूसाठी आगाऊ कॉपी देणं ही पुस्तकांच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे. कारण खरंच आहे, पण वाचकाच्या बाजूने बघितलं तर मिक्सरच्या रिव्ह्यूवर जेवढा पहारा बसला तेवढा कादंबरीच्या रिव्ह्यूवर बसला नाही. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंवर सरळ दंड करता येईल असा नियम यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

आता पत्रलेखक म्हणतील की मोठे प्रकाशकही फुकट कॉप्या वाटतातच की, त्यांच्यावर कुणी संशय घेत नाही. हे बरोबर आहे, आणि थोडा संशय तिथेही घ्यायला हरकत नाही. नेटगॅलीसारख्या साइटवर नवीन पुस्तकांच्या ई-कॉप्या रिव्ह्यू करणाऱ्यांना फुकटच मिळतात, गुडरीड्स या वाचकांच्या साइटवर गिव्हअवे, म्हणजे फुकट कॉप्यांची सोडत असते, ती लेखकांना आधी फुकट ठेवता यायची, २०१८ पासून त्याला ११९ डॉलर आणि वरच्या पॅकेजला ५९९ डॉलर लावले. म्हणजे फुकट वाटण्यासाठीही आता पैसे मोजावे लागतात, गंमतच आहे. पण प्रकाशकाच्या पुस्तकात एक गोष्ट झालेली असते, लेखकाच्या घरातला नसलेला निदान एक माणूस ती कादंबरी पूर्ण वाचून तिच्यावर स्वतःचे पैसे लावायला तयार झालेला असतो. तो चुकतोही, कचरा छापतो, चांगलं परत पाठवतो, सगळं खरं, तरी तो असतो. स्वतः काढलेल्या कादंबरीत बऱ्याचदा तो पहिला परका वाचक मीच असते, आणि मला ते कुणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या प्रकरणात नायकाच्या भावाचं नाव बदलतं, तारखा जुळत नाहीत, एकच प्रसंग दोनदा येतो, तेव्हा कळतं की अरे, हे आपल्याआधी कुणी वाचलेलंच नाहीये. एडिटरचं काम वाचकाकडून फुकट करून घ्यायचं आणि वर स्टारही मागायचे, हे जरा जास्तच होतंय.

स्वतः पुस्तक काढणं यात मला काहीच कमीपणा वाटत नाही हेही सांगते. अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली आपला कवितासंग्रह स्वतःच्या खर्चाने काढला, काही पानांचे छपाईचे खिळे तर स्वतःच जुळवले, जेमतेम ८०० कॉप्या. एक त्याने एमर्सनला फुकट पाठवली. एमर्सन म्हणजे अमेरिकेतले विचारवंत लेखक, तेव्हाचं फार मोठं नाव, ओळखदेख काही नसताना त्यांनी पुस्तक खरंच वाचलं आणि भरभरून पत्र लिहिलं. इथपर्यंत छान. पुढे या पठ्ठ्याने ते खाजगी पत्र न विचारता पेपरात छापायला दिलं, आणि १८५६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातलं एक वाक्य पुस्तकाच्या कण्यावर सोनेरी अक्षरात एमर्सनच्या नावासकट छापलं. शिवाय स्वतःच्या पुस्तकावर निनावी रिव्ह्यू लिहून छापून आणले ते वेगळंच. म्हणजे आजचं सगळं तेव्हाही होतं, कवी खरोखर थोर होता म्हणून पचून गेलं, पण आपल्यातले किती जण व्हिटमन असतात.

दुसरं उदाहरण अलीकडचं, अँडी वेअर या अमेरिकन लेखकाचं. मंगळावर अडकलेल्या माणसाची त्याची कादंबरी आधी त्याने आपल्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने फुकट टाकली होती. ज्यांना आवडली ते वाचत गेले, चुका दाखवत गेले, मग त्यांनीच किंडलवर टाक म्हणून सांगितलं, आणि तिथे त्याने ती ९९ सेंटला ठेवली कारण त्याहून कमी ठेवताच येत नव्हती. फुकट मिळत असूनही लोकांनी पैसे देऊन घेतली. मोठा प्रकाशक नंतर आला. यात फुकट देण्यामागे कुणाच्या डोक्यावर काही ठेवलेलं नव्हतं, न आवडल्यास निघून जायला दार उघडं होतं आणि पाठीमागे कुणी मेसेज करत नव्हतं. माझ्या मते सगळा फरक तिथे आहे.

म्हणून पत्रलेखकांना एवढंच सुचवते की आख्खी कादंबरी गळ्यात मारण्याऐवजी पहिली तीसेक पानं मोकळी ठेवा, तेवढ्यात आम्हाला कळतं. आवडली नाही तर तसंच लिहा असं स्वतःहून म्हणा, आणि कुणी खरंच तसं लिहिलं तर त्याच्याखाली भांडायला जाऊ नका (हे फार वेळा बघितलंय). एडिटिंग कुणी केलं, कच्चा खर्डा कुणी वाचला, ते पुस्तकात छापा. कॉप्या वाटायच्याच असतील तर सही न करता लायब्ररीला द्या, तिथे ज्याला तुम्ही माहीत नाही असा कुणीतरी ती उचलेल.

आणि संपादक महाशय, थोडं तुमच्याकडेही. आपल्या पुरवणीत दर आठवड्याला पुस्तकांवर लेख येतात, पुस्तक कुणी पाठवलं, विकत आणलं की लेखकाने हातात दिलं, लिहिणारे आणि लेखक एकमेकांना ओळखतात का, यातलं काही आम्हाला कळत नाही. साभार पोच म्हणून आपण नावं छापता तेवढं एक सदर प्रामाणिक आहे, पुस्तक आलं एवढंच म्हणता, चांगलं आहे म्हणत नाही. लेखाच्या शेवटी पानं, किंमत, प्रकाशक अशी ओळ असतेच, त्यातच "प्रत लेखकाकडून" किंवा "परीक्षक व लेखक परिचित" एवढे दोन-तीन शब्द टाकलेत तर जास्तीची जागाही लागणार नाही. सुरुवातीला काही परीक्षक नाराज होतील, त्यांच्याऐवजी लिहायला दुसरे मिळतील.

कळावे,
एक वाचक