सूचना : दिवाळीतल्या क्रूझला येणाऱ्या मुलांच्या लसी

सभासदहो, सप्रेम नमस्कार.

इंदूरहून आपण रेल्वेने मुंबईला जाऊ, पण सिंगापूरच्या जहाजावर चढल्यावर चार दिवस हजारो माणसं एकाच छताखाली असतील. गोवर हवेतून पसरतो, म्हणून माझी सगळ्यात मोठी काळजी त्याचीच आहे.

सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. दुसरा डोस बऱ्याच घरांत राहून जातो. तो आजच तपासा. लस घेतल्यावर शरीर तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही. ती आणि फ्लूची लस (६ महिन्यांनंतर देतात) यांबद्दल आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान असेल तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेतच नाहीत. लांबच्या सागरी प्रवासाला ही अट १२ महिन्यांची असते. तेव्हा तिकिटाचे पैसे भरण्याआधी कंपनीचे नियम नक्की वाचा.

पीतज्वराची लस या सहलीला लागत नाही. पुढे कुणी आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेला जाणार असेल, तर तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी वैध होतं, हे ध्यानात ठेवा.

उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर लस नाही. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका.

लसीकरण कार्डाचे स्पष्ट फोटो येत्या रविवारपर्यंत इथे नको, मला वैयक्तिक पाठवा. मूळ कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा.

– सहल समिती