आई तासगावला गेली नव्हती

मिरज, रविवार दुपार

चि. ओंकार, अनेक आशीर्वाद.

तू फोन ठेवलास म्हणून हे पत्र. प्रियाकडून टाइप करून घेणार होतो, पण मग तिच्या आईला कळेल आणि तिथून आत्याला. एका बोटानं लिहितोय, शुद्धलेखन बघू नकोस.

आई माहेरी गेली नव्हती. पहाटे ॲडमिट केलं, एक स्टेंट बसवला. तुझी परीक्षा चालू होती. ‘तासगावला गेलीय, तिथं रेंज नाही’ हे माझंच डोकं, तिचं नाही. तिच्या हातावरची सलाईनची चिकटपट्टी तुला व्हिडिओ कॉलवर दिसली. तू एवढंच म्हणालास, “बाबा, तुम्ही पण ईलायस लीचच निघालात.”

कोण हा लीच, ते रात्री दोनपर्यंत शोधत बसलो. हॉलिवूडचा जुना नट कॅरी ग्रँट, त्याचा बाप! कॅरी ग्रँट मला सुटातला, भांग चापून बसवलेला ठाऊक. तो तुमच्या इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा आर्ची लीच, १९०४ चा जन्म, हे नव्हतं माहीत. बाप कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवाला. आईचं पहिलं मूल वर्षाचं व्हायच्या आत गेलेलं. (आपल्याकडे देवघराशेजारी तो फोटो आहेच. असो.) आर्ची दहा-अकरा वर्षांचा असताना एक दिवस घरी आला तर आई नाही. बाप म्हणाला, हवापालटाला गेलीय. पुढं सांगितलं, वारली. आणि ती बाई गावातच, फिशपॉन्ड्सच्या वेड्यांच्या इस्पितळात. त्याच इस्पितळाच्या, म्हणजे ग्लेनसाइडच्या आवारात तू आज फिजिओथेरपी शिकतोस. तुला का एवढं लागलं, ते तेव्हा कळलं.

पण मी अडकलो दुसऱ्याच ठिकाणी. पोरगं हिप्पोड्रोम थिएटरात पडद्यामागं रमायला लागलं. बॉब पेंडरच्या कसरती करणाऱ्या कंपनीला मुलं हवी होती, तर यानं बापाच्या नावानं स्वतःच पत्र लिहून धाडलं. चौदाही पुरी नव्हती. बापानं जाऊन परत आणला. म्हणजे बाप लपवतो, ते बघून पोरही शिकतं. म्हणून विचारतो, तू आमच्यापासून काही लपवत नाहीस ना? गेले दोन महिने पैसे मागितले नाहीस. आवाज बसलेला असतो. केअर होममध्ये रात्रपाळी करत असशील तर सांग. नियमात किती तास बसतात ते बघ, झोप मोडू नकोस, रोज ब्रेडवर भागवू नकोस, डाळ-भात लावायला वीस मिनिटं लागतात, आणि थंडीत कानाला... झालं माझं सुरू. माफ कर. तू चोवीस वर्षांचा आहेस.

१९१८ मध्ये शाळेनं काढून टाकल्यावर आर्ची पुन्हा पेंडरकडं गेला, आणि या वेळी बापानं अडवलं नाही. १९२० मध्ये, सोळाव्या वर्षी, ‘ऑलिंपिक’ बोटीनं न्यूयॉर्कला. कंपनी परत फिरली, हा तिथंच राहिला. कोनी आयलंडला उंच काठ्यांवर चालून जाहिरात करायचा, रस्त्यात टाय विकायचा. मग रंगभूमी, पॅरामाउंट या सिनेमा कंपनीत कॅरी ग्रँट हे नवीन नाव, आणि १९३७ च्या ‘द ऑफुल ट्रूथ’ सिनेमानंतर त्यानं मागं वळून बघितलं नाही. हे सगळं तुला माहीतच असेल. चार स्वस्त कोटांपेक्षा एक चांगला घ्यावा, हे म्हणे त्याला बापानं शिकवलेलं. जन्मभर लोकांच्या कोटांना इस्त्री केलेला माणूस. तुझ्या ॲडमिशनच्या वेळी आपण सांगलीत कोट घेतला, तेव्हा तू आरशात बघत होतास आणि मी बाही बघतोय असं दाखवून तुझ्याकडं. दुकानदारानं खांद्याला टाचणी लावली तसा तू एकदम माझ्यापेक्षा उंच झालास. तेव्हा बोललो नाही.

ईलायस १९३५ ला गेला. आई जिवंत आहे हे पोराला कळलं ते त्याच सुमाराला. वीस वर्षं गेली होती. पुढं ती १९७३ पर्यंत जगली, ब्रिस्टल सोडून हॉलिवूडला काही गेली नाही. तोच तिला भेटायला येत राहिला.

मी वीस वर्षं नाही लपवलं रे. अकरा दिवस. पण तू विचारलंस, “आईला काही झालं असतं तर?” आणि मला उत्तर आलं नाही. त्या अकरा दिवसांत मी रोज जिन्यात जाऊन तुझा फोन घ्यायचो, वॉर्डातला आवाज ऐकू येऊ नये म्हणून. एकदा मागं ट्रॉली गेली, तर तुला म्हणालो भंगारवाला आहे.

तू काही लपवत नाहीस ना, परत विचारतोय. फी भरलीस ना?

आईच्या डिस्चार्ज कार्डाचे आणि इकोचे फोटो सोबत पाठवलेत, दोन्ही बाजूंनी. ईएफ का काय ते ५५ लिहिलंय. चांगलं की वाईट, ते तू वाचून तिला सांग, मला नको. ती संध्याकाळी सातनंतर जागी असते, आणि आता फोन तिच्याच उशाशी ठेवलाय.

बाबा